फादर थॉमस स्टीफन्स : चरित्र आणि धर्मगुरुपदाचे कर्तव्य

प्रस्तावना

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवर शाळेतच पडलेले असते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या काही ओव्या पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. मराठी दिनाच्या समारंभांत त्या म्हटल्या जातात आणि एका इंग्रज माणसाने आपल्या भाषेचे एवढे कौतुक केले याचा श्रोत्यांना आनंद होतो. हा आनंद रास्त आहे. मात्र तेवढ्यावर थांबल्यास स्टीफन्स आपल्याला नीट समजत नाहीत. मराठीचे कौतुक करावे म्हणून त्यांनी लेखणी हाती घेतली नव्हती. कवी म्हणून नाव मिळवावे, अशी आकांक्षाही त्यांच्या आयुष्यात कोठे आढळत नाही. ते धर्मगुरू होते. गोव्यातील साष्टी प्रांतातल्या ख्रिस्ती समाजाची आध्यात्मिक जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि त्यांचे सारे लेखन त्या जबाबदारीच्या पोटी जन्मले. म्हणून प्रस्तुत घटकात आपण त्यांचे चरित्र एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत : धर्मगुरूचे आपल्या मंडळीप्रती कर्तव्य कोणते, आणि ते पार पाडताना भाषेचा प्रश्न इतका निर्णायक का ठरला?

ख्रिस्ती परंपरेत धर्मगुरूला मेंढपाळाची उपमा दिली जाते आणि त्याच्या मंडळीला कळप म्हटले जाते. आजच्या वाचकाला कळप हा शब्द काहीसा हीन वाटण्याचा संभव आहे. मूळ कल्पनेत भर आहे तो मेंढपाळाच्या दायित्वावर. त्याने आपली मेंढरे ओळखावीत, त्यांना चारा द्यावा, हरवलेल्याला शोधावे आणि संकटात पळून जाऊ नये. सोळाव्या शतकात युरोपातील कॅथलिक धर्मसभेला या दायित्वाची तीव्रतेने आठवण करून द्यावी लागली, कारण अनेक बिशप आणि धर्मगुरू आपल्या धर्मग्रामात राहतही नसत; उत्पन्न तेवढे घेत असत. 1545 ते 1563 या काळात ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने यावर कडक निर्बंध घातले. धर्मगुरूने आपल्या लोकांत राहिले पाहिजे, रविवारी व सणांच्या दिवशी उपदेश केला पाहिजे, मुलांना धर्मतत्त्वे शिकवली पाहिजेत आणि संस्कारांचा अर्थ लोकांना त्यांच्या भाषेत समजावून दिला पाहिजे, असे तिने ठरवून दिले. उपासनेची भाषा लॅटिनच राहिली. शिकवणुकीची भाषा मात्र लोकांची असावी, असा हा तोडगा होता. युरोपात त्याची अंमलबजावणी तुलनेने सोपी होती, कारण तिथला धर्मगुरू बहुधा त्याच मुलखात वाढलेला असे. गोव्यात त्याच नियमाचा अर्थ असा होता, की समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने प्रथम एक संपूर्ण नवी भाषा आत्मसात करावी.

जन्म, श्रद्धा आणि देशत्याग

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडिलांचा व्यवसाय व्यापाराचा होता. 1549 हेच वर्ष इंग्लंडच्या चर्चने लॅटिन बाजूला सारून इंग्रजी प्रार्थनापुस्तक लागू केल्याचे वर्ष आहे. स्टीफन्स कॅथलिक राहिले, म्हणजे ज्या पक्षाने लॅटिन टिकवून धरली त्या पक्षात ते होते. तरीही प्रार्थना लोकभाषेत असावी की नसावी हा वाद ज्या देशात पेटलेला होता, त्या देशात त्यांचे बालपण व तारुण्य गेले. उपासनेच्या भाषेचा प्रश्न जीवनमरणाचा होऊ शकतो, ही जाणीव त्यांना गोव्यात येऊन झाली नसावी. ती ते घरूनच घेऊन आले असावेत, असे मला वाटते.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत इंग्लंडमधील कॅथलिकांची स्थिती अवघड झाली होती. तरुण स्टीफन्स यांची गाठ टॉमस पाउंड या कॅथलिक गृहस्थाशी पडली. पाउंड हे एकेकाळी राणीच्या दरबारात वावरलेले, पुढे विरक्त झालेले होते. या दोघांनी काही काळ एकत्र प्रवास केला. स्टीफन्स तेव्हा पाउंड यांच्या सेवकाच्या वेषात वावरत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घेण्याचे ठरवले, पण पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या वाट्याला प्रदीर्घ तुरुंगवास आला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. 20 ऑक्टोबर 1575 रोजी त्यांना येशूसंघात प्रवेश मिळाला. तुरुंगातल्या मित्रालाही संघाने आपला मानावे, यासाठी 1578 मध्ये त्यांनी वरिष्ठांकडे अर्ज केला आणि तो मान्य झाला. स्वतः सुरक्षित झाल्यावर मागे राहिलेल्याला न विसरण्याचा हा गुण त्यांच्या पुढील आयुष्यातही दिसतो, म्हणून ही घटना येथे मुद्दाम नोंदवली.

पुढे त्यांनी हिंदुस्थानात जाण्याची अनुज्ञा मागितली. 4 एप्रिल 1579 रोजी पाच जहाजांच्या तांड्यातून ते लिस्बनहून निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून 24 ऑक्टोबर रोजी गोव्याला पोहोचले. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या या प्रवासाचे वर्णन त्यांनी 10 नोव्हेंबर 1579 च्या पत्रात आपल्या वडिलांना कळवले. विषुववृत्ताजवळ वारा पडून जहाज दिवसचे दिवस अडकून राहणे, हिरड्या सुजवणारा खलाशांचा रोग, केप ऑफ गुड होपजवळचे वादळी पाणी, किनारा जवळ आल्याची खूण म्हणून दिसणारे पक्षी आणि सागरी सर्प अशा अनेक गोष्टी त्यात आहेत. हे पत्र 1589 मध्ये रिचर्ड हॅक्लूट यांच्या प्रवाससंग्रहात छापले गेले आणि हिंदुस्थानच्या सागरी मार्गाविषयी इंग्लंडात जे कुतूहल वाढत होते त्यात त्याने भर घातली. एका मुलाने बापाला लिहिलेले पत्र पुढे व्यापाऱ्यांच्या हाती पडले, याला स्टीफन्स यांचा इलाज नव्हता.

साष्टीतील धर्मगुरू

स्टीफन्स गोव्यात उतरले तेव्हा तेथे पोर्तुगीज सत्तेला सुमारे सत्तर वर्षे झाली होती. धर्मप्रसाराच्या सोयीसाठी गोव्याचे तालुके वेगवेगळ्या संघांना वाटून दिलेले होते. बार्देश फ्रान्सिस्कनांकडे आणि साष्टी येशूसंघाकडे होती. स्टीफन्स यांचे जवळजवळ सारे उर्वरित आयुष्य साष्टीत गेले. गावोगावच्या इगर्जींत त्यांनी धर्मगुरूचे काम केले आणि काही काळ येशूसंघाच्या तेथील कॉलेजाचे रेक्टर म्हणूनही जबाबदारी सांभाळली. एकूण चाळीस वर्षे ते गोव्यात होते. ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरूने आपल्या लोकांत राहावे अशी जी अपेक्षा धरली होती, ती त्यांनी पुरेपूर पाळली. एकदा आलेला हा माणूस पुन्हा युरोपला गेलाच नाही.

या मंडळीची अवस्था काय होती हे आपण स्पष्टपणे पाहिले पाहिजे. साष्टीतील देवळे 1567 च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर पाडली गेली होती. इन्क्विझिशनचे न्यायासन 1560 पासून गोव्यात कार्यरत होते. धर्मांतर कोणी श्रद्धेने केले, कोणी लाभासाठी, कोणी भीतीने, आणि कित्येकांनी गावाच्या गावाबरोबर केले. नव्या ख्रिस्ती माणसाला जुने ग्रंथ जवळ बाळगण्यास बंदी होती. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत ज्या घरात पुराण वाचले जात होते, त्या घरात आज वाचण्यासारखे काहीच उरले नव्हते. स्टीफन्स या व्यवस्थेचे भाग होते. तिच्या सक्तीविरुद्ध त्यांनी आवाज उठवल्याचे त्यांच्या लेखनात दिसत नाही आणि मूर्तिपूजेविषयीची त्यांची मते त्या काळच्या कोणत्याही मिशनऱ्यासारखीच होती. त्यांच्या मराठीप्रेमाने भारावून जाऊन ही बाजू झाकणे अभ्यासकाला शोभणारे नाही. त्याच वेळी, व्यवस्थेने निर्माण केलेली पोकळी ओळखून ती भरून काढण्याचे कर्तव्य आपले आहे, हे ज्या थोड्या धर्मगुरूंनी मानले, त्यांत ते अग्रभागी होते हेही नाकारता येत नाही.

1583 च्या जुलै महिन्यात साष्टीतील कुंकळ्ळी येथे या तणावाचा स्फोट झाला. इगर्जीसाठी जागा पाहण्यास आणि क्रूस उभारण्यास रुदोल्फ अक्वाविवा हे वरिष्ठ आपल्या चार येशूसंघीय सहकाऱ्यांसह व काही ख्रिस्ती लोकांसह तेथे गेले. कुंकळ्ळीची देवळे पूर्वीच नष्ट करण्यात आली होती आणि गाव संतप्त होता. गावकऱ्यांनी हल्ला करून या पाच जणांना व त्यांच्याबरोबरच्या काहींना ठार मारले. अक्वाविवा हे काही महिन्यांपूर्वीच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. मृतदेह विहिरीत टाकण्यात आले होते. ते मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामात स्टीफन्स यांचा सहभाग होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली. सहकाऱ्यांची प्रेते उचलणाऱ्या या चौतीस वर्षांच्या धर्मगुरूच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करण्याचा मोह होतो. पण आपण त्याच्या कृतीकडेच पाहू. तो साष्टीतच राहिला. ज्या तालुक्याने त्याचे सोबती मारले आणि ज्या तालुक्यातील माणसे त्याच्याच सत्तेने मारली, त्याच तालुक्यातील लोकांची भाषा तो शिकत राहिला.

त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडचे चार प्रवासी गोव्यात कैद होऊन आले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी अशी त्यांची नावे. ते हेर असावेत असा पोर्तुगीजांना संशय होता. हे सर्व प्रवासी स्टीफन्स यांनी ज्या राजवटीमुळे देश सोडला तिचेच प्रजाजन होते. तरीही स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली आणि त्यांना जामिनावर सोडवण्यास मदत केली. फिच यांनी मायदेशी परतल्यावर आपल्या प्रवासवृत्तान्तात या साहाय्याचा उल्लेख केला आहे. कैद्यांची विचारपूस करणे हे ख्रिस्ती परंपरेत दयेच्या कृत्यांपैकी एक मानले जाते.

भाषेचे कर्तव्य

आता आपण मुख्य प्रश्नाकडे येऊ. धर्मगुरूच्या कामांपैकी काही कामे भाषेवाचून चालू शकतात. मिस्सा लॅटिनमध्ये होई. स्नानसंस्कारासाठी ठरलेली वाक्ये पुरत. उपदेश दुभाष्याकरवी कसाबसा करता येई. एका ठिकाणी मात्र दुभाष्या चालत नाही, ते म्हणजे पापनिवेदन. येथे एकटा माणूस एकट्या धर्मगुरूपुढे आपल्या मनातले अत्यंत खाजगी असे काही सांगतो आणि ते गुप्त राहील यावर विसंबून सांगतो. तिसरा माणूस मध्ये बसला की या विश्वासाला तडा जातो. त्यातून हा तिसरा माणूस गावातलाच असला तर सांगायलाच नको. म्हणजे भाषा न येणारा धर्मगुरू आपल्या मंडळीला तिचा एक हक्क नाकारत होता. गोव्यातील धर्मपरिषदांना ही अडचण कळली होती. धर्मगुरूंनी स्थानिक भाषा शिकावी असे त्या वारंवार बजावत राहिल्या, आणि 1606 च्या परिषदेने तर भाषा न शिकणाऱ्याकडे धर्मग्राम ठेवू नये इतकी कठोर भूमिका घेतली. वारंवार बजावावे लागते याचा अर्थ आपण जाणतोच : बहुतेक जण शिकत नव्हते.

स्टीफन्स शिकले, आणि सखोल शिकले. 24 ऑक्टोबर 1583 रोजी, कुंकळ्ळीच्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी, त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपला भाऊ रिचर्ड याला पत्र लिहिले. त्यात या देशातील भाषांची रचना लॅटिन व ग्रीक यांच्याशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले आहे. भाषाविज्ञानाच्या वर्गात सर विल्यम जोन्स यांच्या 1786 च्या व्याख्यानाचा उल्लेख आला, की मी विद्यार्थ्यांना या पत्राची आठवण करून देतो. जोन्स यांच्या दोनशे वर्षे आधी साष्टीतल्या एका पाद्रीला ही नातेसंबंधाची चाहूल लागली होती. अर्थात त्यातून सिद्धान्त उभा राहिला नाही. तसा हेतूही नव्हता. लोकांशी बोलण्यासाठी भाषा शिकणाऱ्या माणसाला वाटेत दिसलेली ती एक गोष्ट होती.

साष्टीतील भाषिक स्थिती एकपदरी नव्हती. घरात, शेतात, बाजारात लोक कोकणी बोलत. पोथी, कीर्तन, पुराण यांची भाषा मात्र मराठी होती. एका समाजात दोन भाषारूपांची कामे अशी वाटून दिलेली असतात तेव्हा उपदेशकापुढे पेच पडतो. बोलीत सांगावे तर समजते, पण त्याला धर्मग्रंथाचे वजन येत नाही. ग्रंथभाषेत सांगावे तर वजन येते, पण सर्वांना समजत नाही. स्टीफन्स यांनी या दोन्ही भाषांना त्यांचे त्यांचे काम दिले. मुलांच्या व सामान्य जनांच्या धर्मशिक्षणासाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूपाने ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक तयार केले. पोर्तुगीजमधील एका प्रचलित पुस्तकाचा आधार त्याला असला, तरी भाषेचा घाट कोकणी आहे. मुलांना घंटा वाजवून गोळा करावे, त्यांच्याकडून धर्मतत्त्वे घोकून घ्यावीत आणि त्यांच्या तोंडून ती घरातल्या मोठ्यांपर्यंत पोहोचावीत ही पद्धत गोव्यात फ्रान्सिस झेवियर यांच्या काळापासून, म्हणजे 1542 पासून, रूढ होती. प्रश्नोत्तरांचे पुस्तक या पद्धतीला पूरक होते. शिवाय नव्याने येणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी पोर्तुगीजमधून कोकणीचे व्याकरण लिहिले. आपण गेल्यावरही मंडळीला तिची भाषा समजणारा धर्मगुरू मिळावा, ही सोय या व्याकरणामागे होती. ही दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर राशोल येथे छापली गेली : धर्मतत्त्वांचे पुस्तक 1622 मध्ये आणि दिओगो रिबैरो आदी सहकाऱ्यांनी भर घातलेले व्याकरण 1640 मध्ये.

क्रिस्तपुराण

मराठीतील महाग्रंथाची निर्मितीकथा स्टीफन्स यांनी ग्रंथाच्या आरंभीच सांगितली आहे. साष्टीत रविवारी दुपारी धर्मशिक्षणाचा वर्ग भरत असे. एकदा तेथे एका ब्राह्मणाने पाद्रींपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. धर्मतत्त्वे शिकवता हे चांगलेच आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत. तर त्यांच्या जागी मन रमावे, काळ सत्कारणी लागावा असे दुसरे पुराण आम्हांला का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. हा प्रसंग घडला तसाच लिहिला आहे की ग्रंथाला प्रयोजन देण्यासाठी रचला आहे, याची चर्चा होऊ शकते. आपल्या पोथीपरंपरेत श्रोत्याच्या प्रश्नातून ग्रंथ सुरू करण्याचा संकेत जुनाच आहे. पण प्रसंग काल्पनिक मानला तरी त्यातले गाऱ्हाणे काल्पनिक नाही. मेंढपाळाने जुनी चराऊ राने बंद केली होती आणि नवी दाखवली नव्हती. स्टीफन्स यांनी हा आरोप स्वतःच्याच ग्रंथात, स्वतःच्या हाताने नोंदवला. याहून अधिक प्रामाणिक असे धर्मगुरूचे आत्मपरीक्षण त्या काळच्या गोव्यातील मिशनरी वाङ्मयात मला तरी माहीत नाही.

ग्रंथ 1614 मध्ये पूर्ण झाला आणि 1616 मध्ये राशोल येथे छापला गेला. तो दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळातील संदेष्ट्यांपर्यंतचा जुन्या कराराचा कथाभाग येतो, तर दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र येते. पहिल्यात 36 आणि दुसऱ्यात 59 अध्याय असून त्यांना स्टीफन्स यांनी अवस्वरू असे नाव दिले आहे. एकूण ओव्या सुमारे 11,000 भरतात. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला ओवीछंद त्यांनी निवडला. एकनाथ तर त्यांचे समकालीनच. स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा पैठणात एकनाथांची कीर्तने चालू होती. संतकवींच्या रचनेशी स्टीफन्स यांचा जवळचा परिचय असला पाहिजे, हे त्यांची ओवी वाचताना पदोपदी जाणवते.

शब्दयोजना विशेष पाहण्यासारखी आहे. स्वर्गासाठी ते वैकुंठ म्हणतात, देवासाठी परमेश्वर, आणि कुमारी मरियेसाठी अंकवारी हा कोकणीतला शब्द वापरतात. क्रूस, बाप्तिस्मा यांसारख्या शब्दांना मात्र ते हात लावत नाहीत. यामागे विचार दिसतो. ज्या कल्पनेला श्रोत्याच्या मनात आधीच जागा आहे, तिथे त्याचाच शब्द घ्यायचा आणि त्यात नवा अर्थ भरायचा. जिथे जुना शब्द दिशाभूल करील, तिथे परका शब्द तसाच ठेवायचा. धर्मगुरूला दोन चुका टाळायच्या असतात : न समजणारे बोलणे आणि भलतेच समजेल असे बोलणे. वैकुंठ हा शब्द घेऊन स्टीफन्स यांनी दुसऱ्या चुकीचा धोका पत्करला, असे म्हणणारे टीकाकार पूर्वीही असणार. इन्क्विझिशनच्या छायेत असा शब्द छापणे हे लहानसहान धाडस नव्हते. ग्रंथाला आवश्यक त्या परवानग्या मिळाल्या आणि तो त्या वेळच्या आर्चबिशपांना अर्पण करण्यात आला. पहिल्या आवृत्तीचे पोर्तुगीज शीर्षक ख्रिस्ताच्या आगमनावरील विवेचन अशा अर्थाचे, निरुपद्रवी आहे. आत मात्र ग्रंथ स्वतःला पुराणच म्हणवतो, आणि पुढे लोकांनी त्याला तेच नाव दिले.

भाषेविषयीची आपली भूमिका त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केली आहे. ईश्वरविषयक निरूपणास या देशातील भाषांपैकी मराठी योग्य वाटली म्हणून ती निवडली. परंतु शुद्ध ग्रांथिक मराठी सामान्यांना कळत नाही म्हणून जुन्या कवींचे कित्येक कठीण शब्द गाळले आणि तेथील ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द मिसळले, असे ते सांगतात. वाङ्मयेतिहासकार क्रिस्तपुराणाच्या भाषेतील या मिश्रणाची कधी वैगुण्य म्हणून, कधी वैशिष्ट्य म्हणून नोंद करतात. माझ्या मते हा हेतुपूर्वक केलेला भाषिक निर्णय आहे आणि तो उपदेशकाचा आहे. प्रतिष्ठित भाषेचा अभिमान आणि श्रोत्याची समजूत यांत निवड करावी लागली तेव्हा स्टीफन्स यांनी श्रोत्याच्या बाजूने कौल दिला. मराठीचा गौरव करणाऱ्या त्या प्रसिद्ध ओव्या या भूमिकेच्या शेजारी ठेवून वाचल्यास अधिक अर्थपूर्ण होतात. आपण स्वतः क्रिस्तपुराणाचा उतारा वाचाल तेव्हा त्यातील कोकणी शब्दरूपांची यादी करून पाहावी. ती कोणत्या प्रकारच्या प्रसंगांत दाटीने येतात याकडे लक्ष द्यावे.

लिपीच्या बाबतीत मात्र त्यांना यश आले नाही. गोव्यात 1556 पासून मुद्रणयंत्र होते, पण देवनागरीचे खिळे नव्हते. मलबारात तेथील लिपीत ख्रिस्ती पुस्तके छापली गेली होती आणि त्याचा उपयोग स्टीफन्स यांना माहीत होता. 5 डिसेंबर 1608 रोजी त्यांनी येशूसंघाचे रोममधील सर्वोच्च अधिकारी क्लॉदिओ अक्वाविवा यांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तक छापण्याची आपली फार दिवसांची इच्छा कळवली. हे क्लॉदिओ म्हणजे कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रुदोल्फ यांचे काका. अडचण अशी, की युरोपीय लिपीला चोवीस अक्षरे पुरतात, तर येथील अक्षरे स्वरासह बनत असल्याने सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, हेही स्टीफन्स यांनी लिहिले. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचा हिशोब ज्याने केला आहे त्याला ही संख्या खरी वाटेल. साचे पडले नाहीत. क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले आणि मोडी-देवनागरी वाचणाऱ्या ज्या वाचकांसाठी ते प्रथम रचले होते, त्यांतील अनेकांना त्याचे श्रोते होऊन राहावे लागले.

अखेर आणि नंतर

1619 मध्ये स्टीफन्स गोव्यात वारले. वय सत्तरीच्या आसपास होते. क्रिस्तपुराण इगर्जींत रविवारी व सणांच्या दिवशी वाचले जाऊ लागले होते; उपवासकाळात दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचा भाग ऐकण्यास लोक जमत. त्यांच्या मागून एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने संत पीटरवर मराठीत पुराण रचले. क्रिस्तपुराणाच्या 1649 व 1654 मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

त्यानंतर वारे फिरले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मगुरूंनी भाषा शिकण्याचा आग्रह ढिला पडत गेला, आणि 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढून गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. हुकूम काढण्यामागे स्थानिक भाषा शिकण्याचा कंटाळा आलेल्या धर्मगुरूंचा आग्रह होता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. स्टीफन्स यांनी स्वतःवर घेतलेले ओझे त्यांच्या वारसांनी मंडळीच्या डोक्यावर ठेवले. हुकूम व्यवहारात फारसा चालला नाही. भाषा हुकमाने सुटत नाहीत. पण क्रिस्तपुराणाची चौथी आवृत्ती निघायला अडीचशे वर्षे लागली.

या मधल्या काळात ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांवर. गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांतात जाऊन वसलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला, हाताने नकलून घेतला आणि घरांतून वाचला. जोसेफ सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथे जी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांवर आधारलेली आहे. देवनागरीतील एक हस्तलिखित पुढे लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याला आढळले. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्याहून 1956 मध्ये प्रसिद्ध झाली. 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपण जे क्रिस्तपुराण वाचतो, ते त्या मंडळीने जपलेले आहे.